खुब्याचं हाड मोडल्यावर पुढे किती वर्षं? अंदाज कसा बांधायचा?

कोयनाकाठ

नमस्कार. आई ७९ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात न्हाणीत पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, आत रॉड टाकलाय. कागदावर ‘इंटरट्रोकॅन्टरिक फ्रॅक्चर’ लिहिलंय. आता घरी आहे. वॉकर धरून कॉटपासून संडासापर्यंत जाते. दुखतं म्हणून रडते, पण जाते.

भेटायला येणारं प्रत्येक जण दाराशी मला बाजूला घेऊन एकच सांगतं, “खुबा मोडला की माणूस वर्ष काढत नाही.” डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पहिल्या वर्षात वीस ते तीस टक्के रुग्ण दगावतात. इंटरनेटवरही हाच आकडा सापडतो. पण या वीस-तीस टक्क्यांत कोण असतं? माझी आई त्यात धरायची की बाहेर? आणि वर्ष निघालं तर पुढे काय? तीन वर्षं, पाच, दहा?

भाऊ मस्कतला आहे, नोकरी सोडून कायमचा परत येतो म्हणतोय. माझी शाळेची नोकरी आहे. आईसाठी खाली खोली बांधून घ्यायची की तात्पुरती सोय करायची, बाई दिवसाची ठेवायची की रात्रंदिवसाची, सगळं यावर अडलंय. धीर देणारे खूप आहेत. जाणकारांनी खरं सांगावं ही विनंती.

सोनचाफा

ताई, आईंना लवकर बरं वाटू दे. माझ्या सासूबाईंचा ऐंशीव्या वर्षी खुबा मोडला, बॉल बदलला, आणि त्यानंतर त्यांनी नातवाचं लग्न बघितलं. आकड्यांच्या मागे लागू नका. आपण सेवा करायची, बाकी त्याच्या हातात.

ओपीडीनंतर

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. इथे लिहितोय ते सर्वसाधारण आहे. आईंचे कागद ज्यांनी पाहिलेत त्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

सोनचाफा यांच्या बोलण्यातली माया कळते. तरीही कोयनाकाठ यांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारायचं धाडस फार थोडे नातेवाईक करतात. न विचारताच घर विकणारे पाहिलेत, आणि आता काय उरलंय म्हणून फिजिओथेरपी बंद करणारेही पाहिलेत. दुसऱ्या प्रकारात माणूस खरंच जातं.

वीस-तीस टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो सरमिसळ गर्दीचा आहे. त्यात रोज सकाळी देवळात पायी जाणारी सत्तरीची बाई आहे, आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, पोरांना न ओळखणारे नव्वदीचे आजोबाही आहेत. दोघांचा एक्स-रे अगदी सारखा दिसू शकतो. पडण्याच्या आदल्या दिवशी माणूस कसा होता, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं.

मृत्यू येतो कुठून, हेही समजून घ्या. नॉटिंगहॅमच्या रुग्णालयातल्या २,४४८ रुग्णांचा अभ्यास २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. महिन्याच्या आत ९.६ टक्के गेले, वर्षाच्या आत ३३ टक्के. ऑपरेशननंतर छातीत जंतुसंसर्ग झाला ९ टक्क्यांना, त्यातले ४३ टक्के महिनाभरात गेले. हृदय कमकुवत पडून फुप्फुसात पाणी साचलं ५ टक्क्यांना, आणि त्यांच्यापैकी ९२ टक्के वर्ष पाहू शकले नाहीत. हाड जुळतं की नाही याची घरच्यांना काळजी असते. मला छातीची आणि हृदयाची जास्त असते.

तिथल्याच डॉक्टरांनी पुढे २००८ मध्ये एक गुणपद्धत काढली, ‘नॉटिंगहॅम हिप फ्रॅक्चर स्कोअर’. वय ६६ ते ८५ असेल तर ३ गुण, ८६ किंवा जास्त असेल तर ४. पुरुष असेल तर १. दाखल होताना हिमोग्लोबिन १० किंवा त्याखाली असेल तर १. स्मरणशक्तीच्या दहा प्रश्नांत सहा किंवा कमी बरोबर आले तर १. वृद्धाश्रमासारख्या संस्थेत राहत असेल तर १. हृदय, मेंदूचा झटका, फुप्फुसं, मूत्रपिंड यांपैकी दोन किंवा जास्त आजार असतील तर १. गेल्या वीस वर्षांत कॅन्सर झाला असेल तर १. एकूण दहापैकी. गुण जितके जास्त तितका धोका जास्त.

ताई, ही माहिती द्याल का? पडण्याआधी आई किती हिंडत-फिरत होत्या, तेही लिहा. ते या गुणांत नाही, पण मला ते आधी हवं.

कोयनाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. दाखल केलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ होतं, ऑपरेशनच्या वेळी एक बाटली रक्त दिलं. बीपीची गोळी चालू आहे. शुगर नाही, हृदयाचं, दम्याचं काही नाही. कॅन्सर नाही. डोकं शाबूत आहे, दूधवाल्याचा हिशेब अजून तीच ठेवते. दुसऱ्या रात्री मात्र बरळत होती, मला तिच्या आईच्या नावाने हाक मारत होती. दोन दिवसांत निवळलं. पडायच्या आधी घरातलं सगळं स्वतः करायची, बाजारात काठी घेऊन जायची.

ओपीडीनंतर

म्हणजे वयाचे ३ आणि हिमोग्लोबिनचा १, एकूण ४. बीपी हा एकच आजार, त्याचा गुण नाही.

ही पद्धत वर्षभराच्या अंदाजासाठी २०११ मध्ये पुन्हा तपासली. चार किंवा कमी गुणांच्या लोकांपैकी ९६.५ टक्के महिन्यानंतर हयात होते, ८४.१ टक्के वर्षानंतर. पाच किंवा जास्त गुणांच्या गटात हेच आकडे ८६.३ आणि ५४.५. डॉक्टर सांगतात तो वीस-तीस टक्क्यांचा आकडा या दोन गटांना एकत्र घालून येतो. तुमच्या आई पहिल्या गटात बसतात, अगदी काठावर का होईना.

आता या पद्धतीच्या मर्यादा, कारण ती आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाही. ६७ वर्षांची बाई आणि ८४ वर्षांची बाई, दोघींना तीनच गुण. इंग्लंडमध्ये ज्याला स्वतःचं करता येत नाही तो बहुधा केअर होममध्ये असतो, म्हणून तिथे ‘संस्थेत राहणे’ हा परावलंबनाचा माग आहे. आपल्याकडे पूर्ण परावलंबी माणूसही मुलाच्या घरातच असतो, त्याला शून्य गुण मिळतात आणि अंदाज फसवा चांगला येतो. माझ्यापुरतं मी तिथे वेगळा प्रश्न विचारतो: पडण्याआधी स्वतः अंघोळ करत होत्या का, घराबाहेर जात होत्या का? आणि ते दहा प्रश्न. मूळ चाचणीत पहिल्या महायुद्धाचं साल आणि इंग्लंडच्या राजा-राणीचं नाव विचारतात. गावच्या आजीला ते आलं नाही म्हणून तिला विस्मरणाचा गुण लावायचा नसतो. देश स्वतंत्र कधी झाला, पंतप्रधान कोण, असं बदलून घ्यावं लागतं.

आईंचं दोन रात्रींचं बरळणं मात्र मी मनात नोंदवून ठेवेन. त्याला डेलिरियम म्हणतात. निवळलं हे चांगलंच, पण असं झालेल्या रुग्णांचं पुढचं वर्ष थोडं जास्त जपावं लागतं.

आकडेमोड

मी जैवसांख्यिकीत काम करतो, रुग्ण पाहत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या आकड्यांचंच थोडं पुढचं गणित मांडतो. घरच्यांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो आणि ते बहुधा कुणी सांगत नाही.

अंदाज एकदाच करून भिंतीवर टांगायचा नसतो. प्रत्येक टप्पा ओलांडला की तो नव्याने काढायचा. चार किंवा कमी गुणांचा गट घ्या. सुरुवातीच्या शंभरांपैकी महिन्यानंतर ९६.५ उरले, वर्षानंतर ८४.१. म्हणजे ज्याने महिना काढला, त्याची वर्ष पुरं करण्याची शक्यता ८४.१ भागिले ९६.५, साधारण ८७ टक्के. पाच किंवा जास्त गुणांच्या गटात ५४.५ भागिले ८६.३, म्हणजे ६३ टक्के. सुरुवातीला जो ५४.५ होता तो महिन्यात ६३ झाला. घाटातली अवघड वळणं सुरुवातीलाच आहेत.

किती अवघड, तेही मोजलेलं आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये विश्लेषण आलं. पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका हाड न मोडलेल्या समवयस्कांच्या तुलनेत स्त्रियांत ५.७५ पट, पुरुषांत ७.९५ पट. नंतर तो झपाट्याने उतरतो, पण समवयस्कांच्या पातळीला दहा वर्षांनंतरही पूर्णपणे येत नाही. ऐंशीव्या वर्षी खुबा मोडलेल्या गोऱ्या स्त्रिया आणि हाड न मोडलेल्या त्याच वयाच्या स्त्रिया यांच्यातला फरक त्यांनी काढला: एका वर्षाला ८ टक्के, दोन वर्षांना ११, पाचला १८, दहाला २२. पुरुषांत १८, २२, २६ आणि २०. पुरुषांचा शेवटचा आकडा खाली का आला? नव्वदीपर्यंत हाड न मोडलेलेही बरेच जण गेलेले असतात, त्यामुळे फरक आपोआप आकसतो.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ऐंशीच्या स्त्रीच्या पहिल्या वर्षातला हाड मोडल्यामुळे वाढलेला धोका ८ टक्के आहे. बाकीचे मृत्यू त्या वयात तसेही होतात. “खुब्याने नेलं” असं आपण म्हणतो तेव्हा त्यात वयाचा, आधीच्या आजारांचा वाटा मोठा असतो. हे आकडे गोऱ्या स्त्रियांचे आहेत, त्यामुळे आपल्याकडे ते मापाने नाही तर दिशेने घ्या. आपल्याकडे हाडं साधारण दहा वर्षं आधी मोडतात असं अनेक डॉक्टर सांगतात. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात मोजणी झाली तेव्हा पन्नाशीवरच्या दर लाख लोकांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडत होता. रुग्णाचं वय कमी असेल तर पुढची वर्षं जास्त, हे उघड आहे.

भारतीय रुग्णालयांचे आकडे वाचताना दोन गोष्टी तपासा. वर्षभराने फोन करून चौकशी केली आणि फोन लागलाच नाही, अशांना कुठे धरलंय? त्यांना जिवंत समजून सोडून दिलं तर मृत्युदर खोटा कमी दिसतो. १९५८ साली कॅप्लान आणि मायर यांनी जी आलेखाची पद्धत दिली ती नेमकी यासाठीच आहे: माणूस जेवढा काळ दिसला तेवढाच मोजायचा. पण फोन न लागणाऱ्यांत गेलेले जास्त असतील तर तीही पद्धत फसते. दुसरं, ऑपरेशन झालेल्यांची आणि न झालेल्यांची सरळ तुलना. भूल सोसणार नाही म्हणून ज्यांचं ऑपरेशनच झालं नाही ते मुळातच जास्त आजारी होते. दोन गटांतला सगळा फरक ऑपरेशनच्या खात्यावर टाकता येत नाही.

भैरवगड

पुरुषांचं इतकं वाईट का? वडिलांच्या बाबतीत विचारतोय, ८२ वर्षं, पुढच्या आठवड्यात टाके काढायचेत.

ओपीडीनंतर

पुरुषाचं हाड जास्त आजारपणात मोडतं. ज्या पुरुषाचा साध्या पडण्याने खुबा मोडला, त्याच्या अंगात बहुधा आधीच काही तरी चालू असतं: दमा, हृदय, दारू, पार्किन्सन. त्यात छातीचा संसर्ग त्यांना जास्त होतो. म्हणून वडिलांचे टाके काढायला जाल तेव्हा छाती तपासून घ्या. खोकला, धाप, पायावर सूज, अचानक जेवण तुटणं, यातलं काही दिसलं तर टाक्यांच्या तारखेची वाट पाहू नका. आणि बायकांना सांगतात तितक्याच आवर्जून पुरुषांनाही हाडं भक्कम करायचं औषध द्यावं लागतं. ते सर्रास राहून जातं.

लेस्टरकर

मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात नर्स आहे. आकडा बदलता येतो हे मला आवर्जून सांगायचंय, कारण इथे तो बदललेला आहे.

२००७ मध्ये इथे खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. हाडांचे डॉक्टर आणि वृद्धांचे डॉक्टर यांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली. प्रत्येक रुग्णालयाची नोंद उघड: ऑपरेशन किती तासांत झालं, वृद्धांच्या डॉक्टरने कधी पाहिलं, दुसऱ्या दिवशी उभं केलं का. इंग्लंडमध्ये महिन्याच्या आत जाणाऱ्यांचं प्रमाण २००७ मध्ये १०.९ टक्के होतं, २०११ मध्ये ८.५ झालं. कुठलंही नवं औषध आलं नव्हतं. तीच कामं वेळेवर आणि न चुकता होऊ लागली.

वॉर्डात आम्ही काय करतो? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतो. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र पहिल्या सकाळी परत देतो. ऐकू येत नाही, दिसत नाही म्हणून माणूस आणखी भांबावतो, आणि ही साधी गोष्ट घरीही विसरली जाते. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढतो. दुखणं नीट मारतो, कारण दुखलं की माणूस श्वास वरवर घेतो आणि छाती भरते. झोपेची गोळी टाळतो.

कोयनाकाठ ताई, आई रडत का होईना चालतायत हे वाचून मला बरं वाटलं. चालवायच्या आधी अर्धा तास दुखण्याची गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. दुखेल तेव्हा गोळी असं ठेवलं तर त्या चालायचंच टाळतील.

चिंचबोर

माझी काकू दाखल आहे. ‘फिटनेस’साठी तीन दिवस थांबवलंय. टूडी इको झाला, आता रक्त पातळ करायची गोळी बंद करून वाट बघतायत. यात आयुष्य कमी होतं का?

ओपीडीनंतर

वैद्यकीय नियमावल्यांचा रोख त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करण्याकडे असतो. इंग्लंडमध्ये ३६ तासांची मुदत आहे.

२०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘हिप अटॅक’ नावाची मोठी चाचणी आली. १७ देश, ६९ रुग्णालयं, २,९७० रुग्ण, त्यात भारतही होता. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्याचं २४ तासांत. तीन महिन्यांतले मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे फरक नाही. पण लवकर केलेल्यांत बरळणं कमी, लघवीचा संसर्ग कमी, आणि ते लवकर उभे राहून लवकर घरी गेले. सहाचे चोवीस तास झाले म्हणून हाय खाऊ नका. पण ही चाचणी चोवीस तासांपर्यंतची आहे, चार-पाच दिवसांना तिचा दाखला देता येणार नाही. आपल्याकडे मालिशवाल्याकडून फिरून येण्यात, पैसे जमवण्यात, परदेशातल्या मुलाची वाट पाहण्यात दिवस जातात. ते टाळता येतात.

काकूंच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: नेमकं कशाची वाट पाहतोय, आणि ते झालं तर उपचार बदलणार आहेत का? गोळी कुठली आहे त्यावर थांबणं अवलंबून असतं. अ‍ॅस्पिरिनसाठी सहसा थांबत नाहीत. भूल कोणती, यावरही घरात वाद होतात. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांवर चाचणी झाली. दोन महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा चालू न शकणारे, पाठीतून भूल दिलेल्यांत १८.५ टक्के आणि पूर्ण भूल दिलेल्यांत १८.० टक्के. त्यात वेळ घालवू नका.

दुपारचीबस

दुसरी बाजूही इथे असावी म्हणून लिहिते. बाबा ९१ वर्षांचे होते. अल्झायमर, तीन वर्षं अंथरुणावर, भरवावं लागायचं. कूस बदलताना खुबा मोडला. ज्या रुग्णालयात नेलं तिथे कुणीही बसून बोललं नाही, सही करा म्हणाले. भावाला वाटत होतं, ऑपरेशन नाही केलं तर आपण त्यांना मारलं असं होईल. मला वाटत होतं, टेबलावर नेऊन त्यांना त्रास का द्यायचा. कुणी खरे आकडे समोर ठेवले असते तर आमच्यातला तो कडवटपणा टळला असता.

शेवटी ऑपरेशन केलं नाही. घरी आणलं. दुखणं थांबवणारी औषधं नियमित चालू ठेवली, आणि ते शांतपणे गेले.

आकडेमोड

तुमच्या निर्णयाशी जुळणारा अभ्यास आहे. नेदरलँड्समध्ये केअर होममध्ये राहणाऱ्या, अत्यंत जर्जर १७२ रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी घरच्यांसोबत बसून ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. ऑपरेशन न केलेल्यांपैकी ८३ टक्के महिन्याच्या आत गेले, केलेल्यांपैकी २५ टक्के. पण न केलेल्यांच्या उरलेल्या दिवसांची प्रत दुसऱ्या गटापेक्षा खालची नव्हती, आणि मृत्यू कसा आला याबद्दल नातेवाइकांचं समाधान चांगलं होतं. चिठ्ठ्या टाकून केलेली ही चाचणी नव्हे, निवड घरच्यांची होती, हे लक्षात ठेवून वाचायचं.

तुम्ही त्यांना मारलं नाही. कृपया हे भावालाही वाचून दाखवा.

दुपारचीबस

धन्यवाद. दाखवते.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन रुग्ण पाहते. पुढच्या वर्षाचा अंदाज मला कागदापेक्षा पावलांवरून जास्त येतो.

सहा आठवड्यांनी स्वतः कॉटवरून उठून उभं राहता येतं का? तीन महिन्यांनी वॉकरवरून काठीवर आले का? अंगणापर्यंत जातात का? पडण्याआधी जितकं चालत होते तितकं पुन्हा चालायला लागणारे जगभरच्या अभ्यासांत ४० ते ६० टक्के आहेत. म्हणजे उरलेल्यांना काही ना काही आधार कायमचा लागतो, हेही ताईंनी खोलीचा निर्णय घेताना धरावं. खोली खालीच करा. आणि सुधारणा पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत वेगाने होते, त्या काळात घरात माणूस जास्त हवं.

जेवणाकडे कुणी बघत नाही. “आजारी आहे, मऊ भात-वरण द्या” यावर स्नायू परत येत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं. पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. दोन अंडी, वाटीभर दही, मुगाचं धिरडं, पिठलं, दूध, भाजीत दाण्याचं कूट, असं दिवसभर विभागून. मांसाहार चालत असेल तर काम सोपं होतं. भूक नसते म्हणून थोडं थोडं पण पाच वेळा.

साडीऐवजी गाऊन, तोही घोट्याच्या वर. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा. कमोडशेजारी आणि न्हाणीत पकडायला दांडे. दुसरा खुबाही मोडू शकतो.

सोनचाफा

सगळे प्रतिसाद वाचले. सासूबाईंच्या वेळी हे इतकं कुणी सांगितलं नव्हतं. हाडांच्या औषधाबद्दल डॉक्टरांनी उल्लेख केला, ते जरा उलगडून सांगाल का? त्यांना फक्त कॅल्शियम चालू होतं.

ओपीडीनंतर

फक्त कॅल्शियम पुरत नाही. आणि दीर्घ आयुष्याच्या प्रश्नाशी या औषधाचा थेट संबंध आहे.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम सलाइनमधून. ‘होरायझन’ चाचणी, २००७. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत २,१२७ रुग्णांना हे औषध किंवा नुसतं सलाइन दिलं. साधारण दोन वर्षांत नवं फ्रॅक्चर १३.९ टक्क्यांऐवजी ८.६ टक्क्यांना झालं. मृत्यू १३.३ टक्क्यांऐवजी ९.६ टक्के. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी असल्याने, धडधाकट लोकांनाच औषध मिळालं असा आक्षेप इथे टिकत नाही.

आकडेमोड

एक पुस्ती जोडतो. हाडांच्या औषधांच्या ३८ चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये पाहिलं तेव्हा एकूण मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. त्या बहुतेक चाचण्या खुबा मोडलेल्यांच्या नव्हत्या. म्हणून आयुष्य नक्की वाढेल असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. फ्रॅक्चर कमी होतात हे मात्र पक्कं.

ओपीडीनंतर

मान्य. फ्रॅक्चर कमी होणं एवढ्या कारणासाठीही मी ते देईन.

कोयनाकाठ

सगळ्यांची ऋणी आहे. काल रात्री भावाशी बोलले, हा धागाच त्याला पाठवला. त्याने नोकरी सोडायची नाही असं ठरलं. मोठी रजा काढून पहिले तीन महिने तो येईल, तेव्हा मी शाळेत जाईन. रात्रंदिवसाची बाई तेवढ्यापुरती, मग परत विचार करू. खोली मात्र खाली पक्की बांधतोय, कारण आई त्या खोलीत काही वर्षं राहणार आहे असं धरून चालायला आता माझ्याकडे कारण आहे.

डॉक्टर, ते सलाइन कधी द्यायचं? आईचं वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१ आहे. नॉर्मलमध्येच येतं ना?

ओपीडीनंतर

लॅबच्या कागदावर नॉर्मल दिसेल, पण वय आणि वजन धरून मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा हिशेब करा. १४० वजा ७९, गुणिले ४८, भागिले ७२ गुणिले १.१, आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर येतं ३१ च्या आसपास. ३५ च्या खाली हे औषध देत नाहीत. बारीक चणीच्या म्हाताऱ्या बायकांत हे हमखास निसटतं.

ऑपरेशनच्या धावपळीत क्रिएटिनिन थोडं वर गेलेलं असू शकतं. पाणी नीट पिऊ द्या, दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बंद करा, आणि पुन्हा तपासा. घाई नाही, ऑपरेशननंतर दोन आठवडे तसेही जाऊ देतात. तोवर ड जीवनसत्त्व भरून काढा, ते कमी असताना औषध दिलं तर कॅल्शियम खाली जातं. दातांचं काही काढायचं असेल तर आधी काढून घ्या. तरीही ३५ च्या वर आलं नाही तर सहा महिन्यांतून एकदा पोटावर घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन हा पर्याय आहे. त्यात मूत्रपिंडाची तितकी अडचण नाही, पण कॅल्शियमवर लक्ष ठेवावं लागतं. आणि ते मधेच सोडता येत नाही. सोडलं तर मणके मोडू शकतात. सुरू करण्याआधी पुढची काही वर्षं दर सहा महिन्यांनी कोण घेऊन जाणार हे घरात ठरवा.

कोयनाकाठ

बुधवारी रक्त घ्यायला माणूस घरी येतोय. क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन, चारही सांगितलंय. दुखण्याच्या गोळीचं पाकीट बघितलं, डायक्लोफेनॅकच आहे, आज संध्याकाळी डॉक्टरांना फोन करते. रिपोर्ट आला की इथेच टाकते.